चहातलं विष पत्तीत शोधू नका

आंबवलेल्या चहात बुरशीचं विष असतं का, हा प्रश्न गोंदियातली तरुण मंडळी हल्ली विचारतात. कुणी कोंबुचाची बाटली मागवलेली असते, कुणी चीनच्या युन्नान प्रांतातल्या पुएर चहाची वडी. प्रश्न रास्त आहे, उत्तरही नीट द्यायला हवं. ते देतो. मग माझाही एक प्रश्न आहे, आणि तो अख्ख्या जिल्ह्याला आहे.

आधी उत्तर. गडद रंगाच्या पुएरसाठी चहाची पानं ओली करतात, ढीग लावून झाकतात आणि काही आठवडे आतल्या आत तापू देतात. पान काळं पडतं ते जंतू आणि बुरश्यांच्या कामामुळे. त्यांत अ‍ॅस्परजिलस कुळातल्या बुरश्या भरपूर. या कुळातल्या काही जाती अफ्लाटॉक्सिन तयार करतात, काही ऑक्राटॉक्सिन. ढीग सांभाळला नाही, वडी दमट खोलीत पडून राहिली, तर विष तयार होऊ शकतं. कोंबुचाचं थोडं वेगळं आहे. तो आंबट असतो आणि त्या आंबटपणात बहुतेक बुरश्यांचा जम बसत नाही. तरीही घरी लावलेल्या बरणीवर कोरडी, केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचं प्यायचं नाही. सगळं ओतून द्यायचं.

पण विष आहे एवढ्यावर धोका ठरत नाही. पोटात किती जातं, यावर ठरतो. हिशेब करून पाहू. 60 किलो वजनाचा माणूस दिवसाला तीन कप चहा घेतो. कपाला 2 ग्रॅम पत्ती, म्हणजे 6 ग्रॅम. पत्तीत किलोमागे 5 मायक्रोग्रॅम अफ्लाटॉक्सिन आहे असं धरू. त्यातला काही भागच पाण्यात उतरतो, पण सगळंच उतरलं असं धरू. पोटात गेलं 30 नॅनोग्रॅम. शरीराच्या वजनाच्या किलोमागे अर्धा नॅनोग्रॅम.

आता तोच माणूस दोन्ही वेळा भात खातो. दिवसाला 400 ग्रॅम तांदूळ. बांधीत राबणाऱ्या माणसाला एवढा लागतोच. तांदळातही तेवढंच विष धरू, किलोमागे 5 मायक्रोग्रॅम. पोटात गेलं 2000 नॅनोग्रॅम. किलोमागे 33. चहाच्या 66 पट.

म्हणून माझा प्रश्न असा आहे, की धानाच्या या जिल्ह्यात आपण पत्तीची चौकशी करतो, मग तांदळाची का करत नाही?

अफ्लाटॉक्सिन जगाला कळलं ते पक्ष्यांमुळे. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले. कारण सापडेना, शेवटी शोध ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी होती. तिच्या नावावरूनच विषाचं नाव पडलं. आपल्या देशाला त्याची किंमत माणसांच्या जिवानं मोजावी लागली. 1974 च्या अखेरीस राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात आदिवासी गावांत कावीळ पसरली, पोटात पाणी भरू लागलं. काढणीच्या वेळी पावसात भिजलेला मका लोकांनी तसाच साठवला होता आणि तोच खाल्ला होता, कारण घरात दुसरं काही नव्हतं. तेच खाणारी कुत्रीही मेली. 397 रुग्णांची नोंद झाली, 106 माणसं दगावली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपास केला तेव्हा मक्यात किलोमागे 6 ते 15 मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघालं. आज कायद्यानं धान्यात किलोमागे 15 मायक्रोग्रॅमपर्यंतच मुभा आहे. तो मका या मर्यादेच्या 400 ते 1000 पट होता.

गोंदियात असं काही घडलेलं नाही. तांदळाचा दाणा मक्यासारखा उघडा नसतो, टरफलात असतो, त्यामुळे बराच वाचतो. कुणी घाबरून भात सोडावा असं मी म्हणत नाही. मला छळते ती दुसरी शक्यता. विष थोडं असतं, रोज असतं, चव बदलत नाही, वास येत नाही, आणि वीस वर्षांनी यकृताच्या कर्करोगाचं निदान होतं तेव्हा ताडपत्रीखालचं ते पोतं कुणाला आठवत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं 1997 च्या बैठकीत याचा अंदाज मांडला. रोज किलोमागे एक नॅनोग्रॅम अफ्लाटॉक्सिन पोटात जात असेल, तर हेपॅटायटिस बी नसलेल्या लाख माणसांत वर्षाला 0.01 जणांना यकृताचा कर्करोग होतो. हेपॅटायटिस बी असलेल्या लाखांत 0.3 जणांना. तीस पट फरक. आपल्या हिशेबातले 33 नॅनोग्रॅम लावले, तर हेपॅटायटिस बी असलेल्या लाख माणसांमागे वर्षाला दहा नवे रुग्ण. हेपॅटायटिस बीची लस देशभरच्या नियमित लसीकरणात यायला 2011 उजाडलं. त्याआधी जन्मलेले बहुतेक जण लसीविना मोठे झाले आणि आज बांधीत काम करणारे हात त्यांचेच आहेत.

आता धानाकडे येऊ.

खरिपाचा धान ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापतात. कडपा बांधीतच वाळत पडतात, मग पुंजणे लागतात, मग चुरणा. या मधल्या दिवसांत पाऊस आला की दाणा रंग सोडतो, काही दाण्यांना कोंब येतात. धान पाखड झाला असं आपण म्हणतो. उन्हाळी धानाचं याहून कठीण. इटियाडोहच्या पाण्यावर अर्जुनी मोरगावात किंवा बोअरच्या पाण्यावर इतरत्र घेतलेला धान मे महिन्यात निघतो. खरेदी जूनपर्यंत रेंगाळते आणि पाऊस दारात येतो. गोदामं आधीच खरिपाच्या मालानं भरलेली असतात. मग ओटे, मोकळी मैदानं, वर ताडपत्री. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या भागात आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रांवरचा धान उघड्यावर भिजल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं छापून येत आहेत. हे आता अपघातात मोडत नाही. माल कधी येणार, पाऊस कधी येणार, दोन्ही ठाऊक असतं.

केंद्रावर काय तपासतात ते जवळून पाहा. ग्रेडर पोत्यात टोकदार नळी खुपसतो, मूठभर दाणे हातावर घेतो, आर्द्रतेच्या यंत्रात टाकतो. आकडा 17 टक्क्यांच्या आत हवा. 18 आला की धान पसरा, वाळवा, परत रांगेला लागा. शेतकरी निमूट वाळवतो. मग माती-खडे, पोचट दाणे, रंग गेलेले दाणे. सारं नजरेनं, चाळणीनं, यंत्राच्या एका आकड्यानं. इथवर ठीक.

पण 17 टक्के हा खरेदीचा आकडा आहे. महिनोन्‌महिने साठवायचा तर धान 14 टक्क्यांच्या खाली हवा. 17 च्या पुढं गेला आणि हवा 30 अंशांच्या आसपास असली की अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हसला हवं ते सगळं मिळालं. आपला जून-जुलै नेमका तसाच असतो. थप्पीच्या तळाचं पोतं जमिनीचं पाणी ओढतं, कडेच्या पोत्यांवर ताडपत्रीवरून ओघळ येतो. आत हात घातला तर दाणे कोमट लागतात, एकमेकांना चिकटलेले असतात, मूठ उघडली की हिरवट भुकटी तळव्याला राहते. मग हाच आकडा जुलैत पुन्हा का मोजला जाऊ नये? शेतकऱ्याचा धान एका टक्क्यासाठी परत जातो. त्याच्याकडून घेतलेला धान सरकारच्या ताब्यात सहा महिने पडून राहतो, तेव्हा त्याच्या ओलीचा हिशेब गावासमोर कुणी ठेवत नाही. नियम एकच असेल तर तो दोघांनाही लागू हवा.

मग भरडाई. क्विंटलमागे अरवा तांदूळ 67 किलो, उसना 68 किलो मिलमधून जमा व्हायचा असतो. अरव्यात एक नैसर्गिक बचाव आहे. विषाचा मोठा भाग दाण्याच्या वरच्या थरात असतो आणि तो थर कोंड्यात निघून जातो. उसन्यात तसं घडेलच असं नाही. धान आधी पाण्यात भिजतो, मग वाफेवर शिजतो. भिजवण थंड पाण्यात लांबली, नंतर वाळवायला उशीर झाला, तर बुरशीला आणखी संधी मिळते, आणि वरचं विष दाण्याच्या आत मुरू शकतं. आयसीएमआरच्या शास्त्रज्ञांनी 11 राज्यांतले उसन्या तांदळाचे 1511 नमुने तपासले. 2006 साली छापलेल्या त्या अभ्यासात 38.5 टक्के नमुन्यांत किलोमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा जास्त अफ्लाटॉक्सिन बी-1 निघालं. सुमारे 17 टक्के नमुने तेव्हाच्या 30 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे होते. मर्यादा नंतर 15 वर आणली. युरोपात थेट खायच्या धान्याला सगळी अफ्लाटॉक्सिनं मिळून 4 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. बाहेरच्या गिऱ्हाईकाला तपासून माल देण्याची व्यवस्था आपल्या देशात आहे. रेशनच्या गिऱ्हाईकाला ती मिळालीच पाहिजे.

वाघ नदीच्या पलीकडे बालाघाट. तिथलं 2020 चं प्रकरण विसरायचं कारण नाही. केंद्र सरकारच्या पथकानं जुलैच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या सुरुवातीला बालाघाट आणि मंडला जिल्ह्यांतून तांदळाचे 32 नमुने घेतले, 31 गोदामांतले, एक रेशन दुकानातला. सगळेच्या सगळे माणसाला खाण्यास अयोग्य ठरले. जनावरांना, कोंबड्यांना चालतील, असा शेरा पडला.

'जनावरांना चालेल' हा शेराच मला सर्वांत धोक्याचा वाटतो. अफ्लाटॉक्सिनची पहिली शिकार पक्षीच होते. आणि जनावराच्या पोटात गेलेलं तिथंच थांबत नाही.

आपल्या घरांत काय होतं ते बघा. सुपात तांदूळ घेऊन बाई पाखडते, काळे-पिवळे दाणे बोटानं वेगळे करते. हे काम मोलाचं आहे. रंग गेलेल्या, फुटक्या, किडक्या दाण्यांतच विष जास्त असतं, म्हणून निवडलेला तांदूळ खरोखर सुरक्षित होतो. धुऊन, शिजवून हे विष पुरतं जात नाही, निवडून बरंच जातं. पण निवडलेलं जातं कुठं? म्हशीच्या घमेल्यात. बुरशी आलेली भाकर तिथंच. मिलचा कोंडा, कण्या, तेल काढून उरलेली ढेप, सगळं तिथंच. अरव्यात जे विष आपल्या ताटातून वाचलं, ते कोंड्यातून गोठ्यात पोहोचतं.

म्हशीच्या यकृतात अफ्लाटॉक्सिन बी-1 चं एम-1 होतं आणि ते दुधात उतरतं. खाल्लेल्यातलं साधारण एक ते सहा टक्के. विषारी खाद्य खाल्ल्यावर दिवसाभरात दुधात दिसतं, खाद्य बंद केलं की थोड्या दिवसांत जातं. पुन्हा हिशेब करू. म्हैस दिवसाला तीन किलो कोंडा खाते, त्यात किलोमागे 50 मायक्रोग्रॅम बी-1 आहे असं धरू. पोटात 150. त्यातलं दोन टक्के दुधात, म्हणजे 3 मायक्रोग्रॅम. दूध पाच लिटर. लिटरमागे 0.6 मायक्रोग्रॅम. कायद्याची मर्यादा 0.5. दूध उकळून हे विष जात नाही. एम-1 ची धार बी-1 च्या सुमारे दहाव्या हिश्शाची, हे खरं. पण दूध सर्वांत जास्त कोण पितं? दहा-बारा किलोचं मूल. वजनाच्या मानानं त्याचा वाटा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा.

हे नुसतं कागदी गणित नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं 2018 मध्ये देशभरातून दुधाचे 6432 नमुने घेतले. निकाल 2019 मध्ये आला. दुधात युरिया, डिटर्जंट असणार या भीतीला त्या पाहणीत फारसा आधार सापडला नाही. अफ्लाटॉक्सिन एम-1 मात्र 368 नमुन्यांत मर्यादेबाहेर होतं, 5.7 टक्के. प्राधिकरणानंच सांगितलं की हे खाद्यातून आणि चाऱ्यातून येतं. दुधात पाणी घातलं की गाव पेटून उठतं. गव्हाणीत बुरशीचा कोंडा पडला तर कुणी बोलत नाही. चहात बुरशीचं विष शोधायचं असेल तर दुधापासून सुरुवात करा.

तपासणी अवघड आहे का? प्रयोगशाळेत अवघड नाही. अफ्लाटॉक्सिन अतिनील प्रकाशात चमकतं. बी-1 मधला बी निळ्या चमकेचा, जी-1 मधला जी हिरव्या. पूर्वी काचपट्टीवर ही चमक डोळ्यांनी पाहत, आता एचपीएलसी यंत्र नेमका आकडा देतं. केंद्रावर किंवा मिलच्या दारात चालतील अशा पट्ट्याही मिळतात. धान दळायचा, द्रावणात हलवायचा, पट्टी बुडवायची, थोड्या मिनिटांत रेषा दिसते. पट्टीनं संशय दाखवायचा आणि प्रयोगशाळेनं पक्कं करायचं.

खरी मेख नमुन्यात आहे. हे विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं. एका पोत्यातला मूठभर गोळा विषानं भरलेला असतो, शेजारचं पोतं स्वच्छ. वरच्या चार पोत्यांतून चार मुठी काढून 'माल चांगला' असं लिहिलं तर त्या कागदाला अर्थ नाही. अनेक पोत्यांच्या वरून, मधून, तळातून दाणे घ्यायचे, एकत्र करायचे, सगळं बारीक दळायचं, त्यातला भाग तपासायचा. याला माणसं लागतात, दळणयंत्र लागतं, वेळ लागतो. म्हणूनच हे काम टाळलं जातं असं मला वाटतं. पण एवढ्या राईस मिल असलेल्या जिल्ह्यात दाणे दळायची सोय नाही, हे कारण कुणी देऊ नये.

ग्राहकाच्या हातातही एक गोष्ट आहे, फार थोड्यांना ठाऊक असलेली. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 मधलं कलम 40. कोणीही खरेदीदार फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो. तपासणी करणार आहोत, हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगायचं. माल नियमबाह्य निघाला तर फी परत मिळते. महिला बचत गटांनी, दूध संस्थांनी, ग्रामपंचायतींनी मिळून एखादा नमुना पाठवावा. एका घराला परवडत नाही ते दहा घरांना परवडतं.

पण सरकारचं काम ग्राहकानं करायचं नसतं. मला हवं ते थोडक्यात सांगतो. पावसात सापडलेली थप्पी वेगळी लावा आणि भरडाईआधी तिची अफ्लाटॉक्सिन तपासणी करा. तपासणीत नापास झालेल्या मालाचा कोंडा आणि कण्या खाद्यात जाऊ देऊ नका. कोंड्यातून तेल काढायचं तर काढा, शुद्धीकरणात तेलातलं अफ्लाटॉक्सिन निघून जातं, पण ढेप गोठ्यात नको. निकाल गोदामाच्या दारावर लावा, तारखेसह. उन्हाळी धानाच्या केंद्रांवर वाळवणी यंत्रं द्या. ढगाळ आभाळाखाली धान पसरून तो वाळत नसतो.

एक धास्तीही बोलून टाकतो. तपासणी आली की तिचा पहिला फटका शेतकऱ्याला बसतो. उद्या केंद्रावर पट्टी दाखवून 'तुझ्या धानात विष आहे' म्हणत भाव पाडायचा धंदा सुरू झाला, तर मी त्या तपासणीच्या विरोधात उभा राहीन. 2025-26 मध्ये साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये होता. त्यात त्याची मजुरी, खत, विजेचं बिल निघता निघत नाही. त्यानं 17 टक्क्यांच्या आत वाळवून दिलेला धान पावती फाटल्यापासून त्याचा उरत नाही. तपासणी तिथून पुढं सुरू व्हावी, ताबा ज्याचा त्याच्या खर्चानं, आणि पहिला नमुना थप्पीच्या तळातल्या पोत्याचा घ्यावा.